पादत्राणे आणि सर्दी बाहेर ठेवावी

दोह्यात खिडक्या कितीही घट्ट लावा, कपाटावर धूळ साचतेच. किश्शांचं तसंच आहे. आपण काही मुद्दाम गोळा करत नाही, पण चार मराठी घरं शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी मिसळीला जमली की पुढच्या शुक्रवारपर्यंत पुरेल एवढा माल तयार! आमच्या ग्रुपचे निम्मे किस्से नानांचे आहेत. ते सांगताना आम्ही पोट धरून हसतो आणि मग कोणीतरी उठून चहा टाकायला जातं, कारण त्याच्या पुढचं कोणालाच बोलायचं नसतं.

नाना म्हणजे मूळचे नाशिकचे, एसीतले इंजिनिअर. दोह्याच्या फरीज बिन ओमरान भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या डोक्यावर राहायचे. कतारला फुटबॉल वर्ल्ड कपचं यजमानपद मिळाल्यावर अख्खं शहर खणायला काढलं होतं आणि नानांना काम मिळालं होतं उघड्या स्टेडियममध्ये थंड हवा कशी खेळवायची, याचं. माझा नवरा संजय त्यांच्याच हाताखाली होता. नानांचं एकच म्हणणं, "मला मॅचबिच काही कळत नाही. मला फक्त त्या खुर्चीत बसून बघायचंय, हवा पायाला लागते की नाही!"

*

नाशिकला तरुणपणी स्कूटरचा अपघात झाला होता, तेव्हा रक्त चढवलं होतं. त्यातून हेपटायटिस सी आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. इतकी वर्षं गुपचूप बसून त्यानं लिव्हर बरंच खाल्लं होतं. नानांनी काही लपवलं नाही, शुक्रवारी पोह्यांबरोबर सांगून टाकलं.

पुढच्या शुक्रवारी ग्रुपमधल्या एका ताईंनी कागदी प्लेट आणि कागदी कप आणले. "भांडी घासायला नकोत म्हणून हो," असं तीनदा म्हणाल्या!

नानांच्या बायकोनं, वृंदावहिनींनी, ते ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तो आजार ताटातून पसरत नाही, रक्तातून पसरतो. आणि आता जी इंजेक्शनं सुरू होतायत ना, त्यानं यांच्या पांढऱ्या पेशी कमी होणार आहेत. म्हणजे तुम्हाला यांच्यापासून काही धोका नाही. यांना तुमच्यापासून आहे!"

त्या दिवशी सगळ्यांनी स्टीलच्या ताटात खाल्लं आणि जो तो तोंडावर हात धरून शिंकला.

*

उपचार वर्षभराचा होता. आठवड्याला एक इंजेक्शन, रोज गोळ्या. व्हायरस मरायचा, पण सोबत पांढऱ्या पेशीही घसरायच्या. फार घसरल्या की डोस कमी, आणखी घसरल्या किंवा मोठं इन्फेक्शन झालं की उपचार बंद. आणि अर्धवट सोडला तर व्हायरस परत. म्हणून नानांना वर्ष कसंही करून पुरं करायचं होतं. गर्दी नको, कच्चं खाणं नको, सर्दीवाला माणूस तर नकोच.

आता मराठी माणसाला सांगा, की आजाऱ्याला भेटायला येऊ नका! फोन करून "येऊ नका म्हणालात, म्हणून पाचच मिनिटं येतो" असं म्हणत लोक यायला लागले. शेवटी वहिनींनी दारावर पाटी लावली : 'पादत्राणे आणि सर्दी बाहेर ठेवावी.'

आमच्या मजल्यावरच्या मल्याळी शेजारणीनं विचारलं, "इंग्लिशमध्ये का नाही लिहिलं?"

वहिनी म्हणाल्या, "न ऐकणारे सगळे मराठीच आहेत!"

*

त्यातला मुख्य न ऐकणारा म्हणजे दिलीप. सांगोल्याकडचा, कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर. नाना आणि संजयला साईटवर तोच न्यायचा. बायको-मुलं गावी. नजमा भागात एका खोलीत सहा-सात जणांबरोबर राहायचा. शुक्रवारची मिसळ त्याचा हक्काचा घास होता.

त्याला कोणीतरी सांगितलं, पपईच्या पानांचा रस द्या, पेशी वाढतात. आता दोह्यात पपईचं झाड कुठून आणणार? पठ्ठ्यानं अल दुहैलकडच्या बंगल्यांच्या एका कंपाउंडमध्ये शोधून काढलं! माळ्याला पटवून पानं आणली, खोलीवर रस काढला आणि बाटली घेऊन दारात हजर.

हॉस्पिटलच्या सिस्टरनं आधीच बजावलं होतं, असलं काही पोटात घ्यायचं नाही, लिव्हरला त्रास होईल. पण दिलीपला नाही कसं म्हणणार? नानांनी बाटली घेतली, अरबी थाटात 'शुक्रन' म्हणत आभार मानले आणि तो गेल्यावर बाल्कनीतल्या मनीप्लँटला घातली. दर आठवड्याला बाटली, दर आठवड्याला मनीप्लँट.

महिन्याभरानं वेल ग्रिलच्या बाहेर लोंबायला लागली. दिलीप ती बघून खुश! "नाना, ह्यालाबी घालताय काय थोडा? बगा, गुण हाय!"

*

मध्ये एकदा पेशी खूपच उतरल्या. डॉक्टरांनी इंजेक्शनचा डोस निम्मा केला. नाना हिरमुसले. म्हणाले, "डॉक्टर, साईटवर मॅनपॉवर कमी पडली तर आम्ही काम कमी नाही करत. सबकॉन्ट्रॅक्टर आणतो!"

डॉक्टर हसून म्हणाले, "तो आमच्याकडेही आहे." आणि त्यांनी पेशी वाढवणारं दुसरं इंजेक्शन सुरू केलं. ते फ्रीजमध्ये ठेवायचं असायचं. नानांची मुलगी सानिका शाळेत होती, मराठी सगळं समजायचं, पण बोलायची आपली इंग्लिशमध्ये. एकदा मी वर गेले तर फ्रीज उघडून ओरडतेय, "बाबा! प्लीज मूव्ह युअर सबकॉन्ट्रॅक्टर! आय नीड टु कीप द मिल्क!"

सबकॉन्ट्रॅक्टरनं काम चोख केलं. पेशी वर आल्या, डोस पुन्हा पूर्ण झाला. त्या आठवड्यात वहिनी कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

*

नियम असा, की ताप अडतीस सेल्सिअसवर गेला की घरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल. भर उन्हाळ्यात एकदा वहिनी थर्मामीटर नाचवत जिन्यातून खाली आल्या. "साडेअडतीस!" संजय गाडी काढेपर्यंत नाना लिफ्टनं खाली येऊन उभे. घाम पुसत म्हणाले, "काय देश आहे बघ. बाहेर अठ्ठेचाळीस आणि ही घाबरते अडतीसला!"

*

त्या वर्षी गणपतीला नाना आले नाहीत. एरवी आरतीला खडा आवाज त्यांचाच. आम्ही लॅपटॉप टेबलावर ठेवून त्यांना स्काइपवर घेतलं. पण आवाज मागे पडायचा. 'दर्शनमात्रे मनकामना पुरती'पाशी आम्ही त्यांच्यासाठी थांबलो. नानांना वाटलं आमचंच अडलंय, म्हणून ते थांबले. दोन्हीकडे नुसत्या टाळ्या चालू आणि आरती बंद!

पलीकडून सानिकाचा आवाज आला, "बाबा, दे आर वेटिंग फॉर यू."

नाना म्हणाले, "अगं, मी त्यांच्यासाठी थांबलोय!"

तेव्हा आम्ही खूप हसलो. आता दर गणपतीला आरती त्या ओळीपाशी आली, की मला ते आठवतं आणि वाईट वाटतं. हे उगाच नटवून सांगत नाही, खरंच वाटतं.

*

हिवाळ्यात दिलीप यायचा बंद झाला. गाडीवरही दुसराच ड्रायव्हर. बाटली नाही, मिसळ नाही. उपचाराचे थोडेच आठवडे उरले होते.

झालं होतं असं, की दिलीपला ताप आणि खोकला झाला होता. नजमाच्या त्या खोलीत एकाला झालं की सगळ्यांना व्हायचं. नानांना आपलं काही लागू नये, म्हणून तो मुद्दामच लांब राहिला होता. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर नाना बघायला आले असते!

नानांनी मात्र उलटच धरलं. त्यांना वाटलं, पाटी वाचून पोरगं दुखावलं. सगळं जग आपल्याला भेटायला येतं आणि आपण एका माणसाला दारातून परतवलं. वहिनी सानिकाला आणायला शाळेत गेल्या होत्या, तेवढ्यात डबा भरून नाना टॅक्सीनं नजमाला गेले.

दिलीपनं आतून दार लावून घेतलं. "नाना, मी उगडत न्हाई! तुमी जावा!"

"रागावलास का रे?"

"राग न्हाई ओ, खोकला हाय!"

नाना लगेच वळलेसुद्धा. पण तेवढ्यात खोलीतला दुसरा एक जण ड्यूटीवरून आला. पाहुणा दारात उभा बघून त्याला लाज वाटली. त्यानं किल्लीनं दार उघडलं, नानांना हात धरून आत बसवलं आणि चहा ठेवला. चहा होईपर्यंत खोलीतले दोघं-तिघं खोकत होते. आणि नाना, नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून चहा पिऊन आले.

त्यानंतर न्यूमोनिया, हॉस्पिटल, सलाइन. नाना त्यातून उठले, पण इंजेक्शन कायमचं बंद झालं. खलास.

काही महिन्यांनी व्हायरस परत दिसला आणि त्यानं उरलेलं लिव्हरही खाल्लं. पुढे नव्या गोळ्या आल्या. तीन महिन्यांचा कोर्स, इंजेक्शन नाही, पांढऱ्या पेशींची काळजी नाही. त्या नाशिकच्या मेडिकलमध्ये मिळायला लागल्या, तेव्हा नानांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. वर्ल्ड कप झाला, संजय स्टेडियममध्ये जाऊन आला. हवा पायाला लागते, म्हणाला. एका कप चहापायी गेलं सगळं, असं माझ्या तोंडून कितीदा तरी निघतं, पण तो चहा देणाऱ्यावर रागावताही येत नाही.

*

एक किस्सा मात्र राहिलाच, नाना दोहा सोडून नाशिकला परत निघाले त्या दिवशीचा.

इंजेक्शन बंद झाल्यामुळे पांढऱ्या पेशी झकास वाढल्या होत्या. नाना येईल त्याला रिपोर्ट दाखवत होते, "बघा, मॅनपॉवर फुल्ल! फक्त कामच राहिलं नाही." घरात ही गर्दी. बॅगा, लाडूंचे डबे, मनीप्लँट कोणी न्यायचा यावर वाद.

वहिनी पाण्याची बाटली आणायला खाली निघाल्या आणि त्यांनी दार उघडलं. पाटी अजून तिथेच होती. तिच्याखाली बूट काढून, पिशवी पोटाशी धरून दिलीप उभा. केव्हाचा उभा होता कोण जाणे. बेल वाजवली नव्हती.

न्यूमोनियानंतर तो एकदाही घरी आला नव्हता आणि वहिनींनी त्याचं नावही काढलं नव्हतं. आतून नाना म्हणाले, "कोण आहे गं?"

वहिनी दिलीपकडे बघत राहिल्या. त्यानं मान खाली घातली आणि जोरात नाक ओढलं.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"सर्दी हाय, वैनी," तो म्हणाला. "मी भायेरच थांबतो."

वहिनींनी दार पूर्ण उघडलं.

"सर्दीसकट आत या!"