र्‍हाईनची ओटी

"आता नदीनं जाऊ, मजेत जाऊ," असं आमचे हे म्हणाले खरे, पण मजा वगैरे काही नव्हती. मला परत पाठवायचं चाललं होतं. ती र्‍हाईन नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या बंदरातून मुंबईची बोट सुटायची. त्या बोटीत मला एकटीला बसवून द्यायचं आणि आपण उरलेलं वर्ष जर्मनीत काढायचं, असं ह्यांनी ठरवून टाकलं होतं. मला विचारलं नव्हतं. त्या काळी कोण विचारतंय!

तेव्हा पिंपरीकडे नुकते कारखाने यायला लागले होते. ह्यांना त्यातल्याच एका कारखान्यानं यंत्रं शिकायला जर्मनीला पाठवलं. मी मागून गेले. भावकीतल्या मंडळींनी चिंचवडात आमच्या ओसरीवर बसून निकाल दिला होता, की बाईमाणसानं समुद्र ओलांडायचा नाही. तर माझ्या सासूबाई आतून ओरडल्या, "का? तिथं काय वाघ हायेत व्हय?" संपली बैठक.

निघताना सासूबाईंनी माझ्या ट्रंकेत स्वतःच्या हातानं एक शेंडीवाला नारळ, हिरवा खण आणि तांदळाची पुरचुंडी ठेवली. म्हणाल्या, "जिच्या पाण्यावर बसशील तिची ओटी भर. नदी परक्या मुलखाची असली म्हून काय झालं, ती बी बाईच." माझी ओटी मात्र शेजारच्या काकूंनी भरली. सासूबाई विधवा होत्या ना. त्यांनी ओटी भरायची नाही, कुंकवाच्या ताटाला हात लावायचा नाही. म्हणून त्यांचा नारळ पदरात न पडता ट्रंकेत पडला. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं.

तर मी जर्मनीत पोचले आणि काही आठवड्यांतच ह्यांना माझी लाज वाटायला लागली. स्पष्टच लिहिते. मला भाषा येत नव्हती. एकदा भाजी आणायला गेले ती पाववाल्या बाईच्या दुकानात बसले. तिचा गुडघा दुखत होता, तिला मी शेक कसा द्यायचा ते दाखवत होते. तेवढ्यात हे कामावरून आले, घराला कुलूप दिसलं, आणि घाबरून पोलिसांना घेऊन मला शोधत आले. कारखान्यात सगळ्यांना कळलं. झालं! त्या रात्री जेवताना म्हणाले, "तू हरवतेस. इथे तुझं कसं व्हायचं? बोलशील कुणाशी?"

मी म्हटलं, "मी हरवले नव्हते. मी पाववालीकडे होते. तुम्हाला सापडत नव्हते एवढंच."

"भाषा येत नाही तुला."

"पिंपरीच्या छावणीतल्या सिंधीणीची तरी मला कुठे येत होती?"

ते खरंच होतं. फाळणीनंतर पिंपरीला सिंधी लोकांची छावणी पडली, तिथली एक बाई आमच्या मळ्यावर भाजीला यायची. ती तिच्या बोलीत बोलायची, मी माझ्या. तिच्या लेकराला गोवर आला, तिचं जावेशी बिनसलं, माझ्या पापडात मिरी जास्त झाली, सगळं सगळं आम्हाला कळायचं. दोन वर्षं अशी काढली आम्ही पापड लाटत. पण हे पुरुषांना कसं सांगणार? त्यांना वाटतं, बोलणं म्हणजे शब्द.

बरं, तर आगबोट. दोन्ही बाजूंना मोठाली चाकं असलेली, पांढरी, वर बसायला खुर्च्या, खाली निजायच्या खोल्या. काठाला द्राक्षांचे मळे आणि डोंगरावर पडके किल्ले. किल्ले बघून मला जरा बरं वाटलं, आपल्या मावळातल्यासारखंच! हे म्हणाले, "खाली खोलीतच बस, वर थंडी आहे." थंडी काही नव्हती. मी नऊवारी नेसले होते, त्याची ती थंडी.

बोट अजून धक्क्यालाच होती. मी वर गेले, खण-नारळ घेतला, नारळाला कुंकू लावलं, हात जोडले आणि नदीत सोडला. आधी तांदूळ, मग खण, मग नारळ. नारळ डुबकन खाली गेला आणि शेंडी वर करून तरंगायला लागला.

आणि काय सांगू! एक तरुण खलाशी ओरडत धावला. त्याला वाटलं, बिचारीचं सामान पडलं. आकडी लावलेली लांब काठी घेऊन तो कठड्यावर पार आडवा झाला. सगळे उतारू जमा. कुणी डावीकडे दाखवतंय, कुणी उजवीकडे. अखेर त्यानं नारळ ओढून काढला, आपल्या रुमालानं पुसला आणि कमरेत वाकून माझ्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या!

तेवढ्यात हे वर आले. माझ्या हातात ठिबकणारा नारळ बघून त्यांना सगळं कळलं.

"काय केलंस?"

"ओटी भरली."

"आणि हे?"

"त्यानं परत आणून दिली."

"बरं झालं. आता तो नारळ घे आणि खाली चल. पाया पडतो तुझ्या, आणखी तमाशा नको."

मी खाली गेले नाही. दिलेली ओटी कुणी परत घेतं का? आणि ती काय माझी होती? ती सासूबाईंनी दिलेली होती. मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. बोट सुटली, धक्का लांब गेला, चाकं जोरात फिरायला लागली. मग मी सगळ्यांच्या देखत, त्या खलाशाकडे बघत, मान हलवून 'नाही, नाही' म्हणत, नारळ पुन्हा टाकला. तो बिचारा काठी घेऊन उभाच राहिला.

हे बाकावर बसून पेपराआड म्हणाले, "अगं, हे लोक ह्या नदीला बाप म्हणतात, बाप! बापाची ओटी भरलीस तू."

"मग बापाला माझा नमस्कार सांगा. तुम्हाला भाषा येते ना?"

माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. काळा झगा, काळी टोपी, मांडीवर सफरचंदांची टोपली. ती हसली नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं पाण्याकडे बोट दाखवलं, मग माझ्या कपाळाकडे, मग भुवया उचलल्या. म्हणजे हे काय, आणि का? मी कुंकवाची डबी उघडून दाखवली. नदीला हात जोडले. पदर पसरून त्यात काहीतरी घातल्यासारखं केलं, पोटाला धरलं. तिनं हळूहळू मान हलवली. मग टोपी मागे सरकवून आपलं कपाळ पुढे केलं.

मी लावलं. चांगलं ठसठशीत लावलं.

हे धावत आले. "अगं, काय करतेस! मघाशी धक्क्यावर सांगत होती ती मला. नवरा लढाईत गेला तिचा. काळे कपडे दिसत नाहीत?"

डबी मिटता मिटता मी थांबले, खोटं कशाला सांगू. पण मग सासूबाईंची ट्रंकेवर वाकलेली पाठ आठवली आणि असा राग आला! म्हटलं, "नदीची ओटी भरताना तिचा नवरा आहे की नाही, विचारलं होतं का मी? तिनं कपाळ पुढे केलं, मी लावलं. पुसायचं असेल तर तिची ती पुसेल."

तिनं पुसलं नाही. रात्री जेवायच्या टेबलावर तशीच बसली. कप्तानानं काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी ठणकावून सांगितलं, तो खाली बघून जेवायला लागला. भाषा नाही समजली, पण ते 'ठणकावून' समजलं मला.

पुढचा सगळा प्रवास आम्ही दोघी वरच होतो. ती काठावरचं एकेक दाखवायची, तिचा शब्द सांगायची, मी माझा सांगायचे. तिला मी लसणाची चटणी दिली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं पुन्हा हात पुढे केला. खलाशी येता-जाता मला नमस्कार करायचा, अगदी आपल्यासारखा, दोन्ही हात जोडून. आणि आमचे हे, भाषा येणारे, कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

शेवटच्या सकाळी डोंगर संपले, पाणी रुंद झालं, आणि मोठ्या जहाजांचे भोंगे ऐकू यायला लागले. हे ट्रंक बांधत होते. तेवढ्यात म्हातारी आली, ह्यांना बाजूला सारून माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या पदराला हात लावला. मला कळेना. मग तिनं मीच दाखवलं होतं तसं करून दाखवलं. मी पदर पसरला. तिनं टोपलीतली उरलेली सफरचंदं एकेक करून त्यात घातली. वर आपला कडेला वेल विणलेला पांढरा रुमाल ठेवला. खण म्हणून, मी समजले.

हे हळूच म्हणाले, "विधवेनं ओटी भरली. घरी सांगू नकोस."

"पहिल्यांदा तेच सांगणार."

धक्क्यावर उतरलो. पलीकडे मुंबईची बोट उभी होती, काळीकभिन्न. मी ट्रंकेवर बसले, पदरातली सफरचंदं सांभाळून, आणि म्हटलं, "मी जात नाही."

"असं कसं? सगळं ठरलंय."

"तुम्ही ठरवलंय. ओटी भरतात ती परत ये म्हणून. मला ह्या मुलखात बोलावणं आहे. तुम्हाला आहे का?"

"लोक बघताहेत."

"बघू देत. त्यांना माझी भाषा येत नाही."

ऊन चढलं. बोटीचा भोंगा झाला, मग दुसरा. मी एक सफरचंद पुसून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं, ट्रंकेच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि खाता खाता म्हणाले, "आईनं नारळ दिला तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"मी नाहीतर नारळ, दोघांपैकी एकानं समुद्रात जायचं होतं ना?" मी म्हटलं. "नारळ गेला."

वर्ष पुरं करूनच आम्ही चिंचवडला परतलो. मी आल्या आल्या सासूबाईंना सगळं सांगितलं, काळा झगा, कुंकू, सफरचंदं, सगळं. हे बाहेर खाकरत होते, मी थांबले नाही. सासूबाई भाकरी थापायच्या थांबल्या. मग विचारलं, "तिनं भरली, मग कुणाचं काय वाईट झालं का गं?"

"काही नाही झालं, आत्याबाई."

"न्हाई ना?" त्यांनी पिठाचे हात धुतले, लुगड्याला पुसले. "मग बस पाटावर," म्हणाल्या, आणि तांदूळ आणायला आत गेल्या.