आईसाठी थांबलेली बोट

माझ्या आईसाठी डब्लिनच्या कालव्यात एक बोट अकरा मिनिटं थांबली होती. आईला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. चूक माझीच. बोटीवरच्या माणसाने यादीवर पेन टेकवून विचारलं, "आणि दुसऱ्या बाई?" तर मी "येतीलच" म्हणून मोकळी झाले. खरं सांगितलं असतं तर दोन तिकिटं का काढली तेही सांगावं लागलं असतं, आणि ते कुठल्या तोंडाने सांगणार?

आई तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं द्यायची-घ्यायची. दुपारी तिथे बायका जमत, त्यांना ती मोठ्याने वाचून दाखवी. पुढे ती सवयच जडली. मनातल्या मनात वाचणं तिला जमेचना. माझ्या लेकीच्या वेळी ती इथे डब्लिनच्या कडेला, क्लोनडॉकिनला आमच्याकडे सहा महिने राहिली, तेव्हा ट्राममध्ये बसल्या बसल्या प्रत्येक पाटी, प्रत्येक जाहिरात ठणठणीत आवाजात वाचायची. लोक वळून बघायचे. मी खिडकीबाहेर बघायचे.

घराजवळूनच कालवा जातो. बाबागाडी ढकलत ती रोज काठाने चालायची. तिथेच तिने त्या बोटीची जाहिरात पाहिली. मखमली खुर्च्या, चांदीचे चमचे, आणि जुन्या शहरातून जाताना इथल्या नामवंत लेखकांचे उतारे वाचून दाखवणार. त्यातल्या कितीतरी जणांची भाषांतरं तिच्या हातून गेली होती. "एकदा बसू या का गं?" तिने विचारलं. तिने माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, "अगं, केवढं महाग आहे ते! पुढच्या वेळी बघू." "बरं," म्हणाली, आणि पुन्हा विषय काढला नाही. तिची पुढची खेप झालीच नाही.

ती गेली तेव्हा माझं इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड नूतनीकरणाला गेलेलं. देश सोडला असता तर परत येण्याचे वांधे. दहाव्याला मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून फोनवर बघत होते. इकडे धड उजाडलंही नव्हतं. तिकडे दुपारचा एक वाजला होता आणि पिंडाला कावळा शिवत नव्हता. भाऊ म्हणाला, घर विकणार नाही. वहिनी म्हणाली, वाचनालयाला तुमच्या नावाने कपाट देऊ. कावळा भिंतीवर ढिम्म बसून राहिला. "ताई, आता तूच बोल काहीतरी," भावाने फोन पिंडापुढे धरला.

मी औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते. एकदा घडलेल्या गोष्टीवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे नव्या लोकांना मीच शिकवते. तरी मी म्हटलं, "आई, तुला त्या बोटीतून नेते." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली आला. तिकडे सगळे सुटल्यासारखे हसायला लागले. "कुठली बोट गं?" भावाने विचारलं. मी फोन ठेवून दिला. म्हणजे तिने ते मनात ठेवलं होतं. मरेपर्यंत.

म्हणून दोन तिकिटं.

"ग्रँड! थांबू की मग," बोटीवरचा माणूस म्हणाला, आणि सगळे प्रवासी काठाकडे बघायला लागले. कुणी कुरकुर केली नाही. "पार्किंग मिळत नसेल बिचारीला," एक म्हातारी म्हणाली. मीही बघत होते. आणि खरंच सांगते, चार-पाच मिनिटांनी मी चक्क वाट बघायला लागले. पुलावरून एक बाई जरा वाकून चालत येताना दिसली, तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठलेसुद्धा. ती दुसरीच होती. शेवटी मी म्हटलं, "निघू या. नाही जमत त्यांना."

त्याने शेजारची खुर्ची हलवली नाही. उलट तिच्यापुढेही स्कोनची, इथल्या गोडसर पावांची, प्लेट मांडली, चमचा सरळ केला. "पुढच्या लॉकपाशी चढतील की," तो म्हणाला.

लॉक म्हणजे कालव्यातला दोन्हीकडे दारं असलेला हौद; त्यात शिरलं की मागची दारं बंद होतात, पाणी भरतं आणि बोट हळूहळू वर चढते. वाचन तेव्हाच. एक नट दबक्या आवाजात वाचत होता आणि आम्ही वरच्या उघड्या डेकवर खाली माना घालून ऐकत होतो. कुणाचा चमचासुद्धा वाजत नव्हता. त्या शांततेत, त्याच्या मागोमाग मोठ्याने शब्द म्हणत बसलेली आई मला लख्ख दिसली आणि माझे कान लाजेने तापले. ती नसतानाही. तेव्हा मला माझीच किळस आली.

शेवटच्या लॉकमध्ये नट म्हणाला, आता तुमच्यापैकी कुणीतरी आपापल्या भाषेतलं काही म्हणा. तेवढ्यात लॉकच्या दारावरून एक कावळा उतरला. इथला कावळा, करड्या अंगाचा. आईच्या खुर्चीच्या पाठीवर येऊन बसला. बोटीवरचा माणूस नॅपकिन घेऊन हाकलायला आला, तर मी हात आडवा घातला. कावळ्याने प्लेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शिवला नाही.

मी उभी राहिले. "आई, महागाचं नुसतं निमित्त होतं गं," मी म्हटलं. आवाज आपोआप मोठा झाला होता, तिच्यासारखा. "तू या लोकांत मोठ्याने वाचशील म्हणून मला तुझी लाज वाटत होती. म्हणून नाही नेलं तुला."

कावळा टेबलावर उतरला. एक पाऊल पुढे सरकला. त्याची चोच खाली गेली.

आणि ती टेकायच्या आत सगळ्या बोटीवर टाळ्या वाजल्या. "लव्हली!" मघाची म्हातारी म्हणाली, "कुठली कविता होती ही?" त्या आवाजाने कावळा उडाला तो थेट पलीकडच्या झाडांत. पाणी भरलं, पुढची दारं उघडली, बोट निघाली. प्लेट तशीच होती.