जत्रेआधीचे तात्पुरते दात

डॉक्टरीणबाईंनी माझे वरचे पुढचे चार दात तासले आणि हातात आरसा दिला. माझ्या तोंडून फक्त "आगे माये!" एवढंच निघालं. खुंट होते, नुसते खुंट! काजूच्या बागेत फांद्या छाटल्यावर उरतात तसे. मला वाटलं होतं, आहेत त्या दातांवर पांढरं काहीतरी चिकटवतील आणि मी म्हापशाहून हसत हसत घरी जाईन. "असंच करतात हो," बाई म्हणाल्या, "कायमची कवचं तयार होऊन यायला पंधरा दिवस लागतात. तोवर हे तात्पुरते." आणि चार दातांची एक अखंड पट्टी त्या खुंटांवर बसवली.

मग सूचना. कडक खायचं नाही, चिकट खायचं नाही, पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. गरम-थंड झोंबेल, दोन-चार दिवस बोलणं बोबडं येईल. पट्टी निघालीच तर घरातला गोंद लावू नका, डबीत घालून घेऊन या. मी मान डोलावत होतो. नजर मात्र आरशात.

हा खटाटोप कशाला, तेही सांगतो. आठ दिवसांवर गावची जत्रा होती. जत्रेला देवापुढे उभं राहून साऱ्या गावाच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं, ते गाराणं. एकाने मागायचं आणि दर वाक्याला गावाने "व्हय महाराजा!" म्हणायचं. हा मान आमच्या घराचा. मला कळतं तेव्हापासून गाराणं माझे काकाच घालत आले. गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं, तोंड वाकडं झालं, शब्द जड झाले. तरी म्हणाले, "गाराणां मीच घालतलंय. माका जमता."

आणि मी शहाणा! मी म्हणालो, "काका, आता जो तो मोबाईल काढून उभा असतो. लोक हसतील तुम्हाला."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून घराबाहेर कुणाशीच बोलेनासे झाले. गाराणं माझ्याकडे आलं आणि मला माझे पिवळे, झिजलेले दात दिसायला लागले. ते सगळ्यांच्या मोबाईलवर? छे! म्हणून म्हापसा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी चहाचा घोट घेतला आणि कळ थेट कानात गेली. पोदेराकडचा कडक उंडो पाव समोर, आणि मी त्याच्याकडे नुसता बघतोय. "पेज जेवा आता, तान्ह्या पोरासारखी," बायको म्हणाली आणि पदराआड हसली. जीभ पट्टीला अडखळायची, अर्धी अक्षरं हवेतच जायची. गोठ्यात जाऊन गाईपुढे गाराण्याचा सराव केला. सहाव्या दिवशी बोलणं सुधारलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

जत्रेच्या दिवशी पुजाऱ्याने नारळ फोडला, एका वाटीत गुळाचा खडा ठेवला आणि ती माझ्या हातात दिली. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आमच्या देवळाची रीत अशी, की गाराणं घालणाऱ्याने आधी त्या वाटीतलं गूळ-खोबरं सगळ्यांदेखत दातांनी तोडून खायचं. देवाशी बोलताना कडू शब्द निघू नये म्हणून. पन्नास वर्षं काकांच्या पाठीशी उभा राहून मी हे बघत आलो होतो! डॉक्टरीणबाईंची एकूणएक सूचना पाठ, आणि हीच गोष्ट विसरलो?

देवापुढे नाही कसं म्हणणार? खांबाजवळ खुर्चीत काका बसले होते, त्यांची नजर माझ्यावरच. मी दात रोवले.

कट्ट!

अख्खी पट्टी खोबऱ्यात रुतून बसली. पांढऱ्यात पांढरी. मी ती उपसून मुठीत धरली आणि सुरुवात केली, "बा देवा महाराजा..." निघाली नुसती फुसफुस. वारा खुंटांना लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं, मग बरेचजण. मोबाईल वर झाले. मी तोंडावर हात धरून उभा राहिलो. काकांना ज्या हसण्याची भीती घातली होती, ते माझ्याच वाट्याला आलं होतं.

तेवढ्यात खांबाकडून आवाज आला. "बा देवा म्हाराजा..."

काका खांब धरून उठले होते. एकेक शब्द ओढून काढत होते, वाकड्या ओठांतून. "आज तुझी लेकरां... तुझ्या पायांकडे जमली असत..."

कुणी हसलं नाही. देऊळ दणाणलं, "व्हय महाराजा!"

"जो कोण परमुलखात असात... तेका सांभाळ..."

"व्हय महाराजा!"

मध्येच त्यांना धाप लागली. सारा गाव थांबला. एकही मोबाईल वर नव्हता. मी मेल्याहून मेलो. हा माणूस मी गप्प बसवला होता!

गाराण्याच्या शेवटी चुकीची माफी मागायची असते. काकांनी माझ्याकडे बघितलं. "आणि ह्या माझ्या पुतण्याचा... काय चुकला-माकला असात... तर लेकरू समजून पदरात घे."

"व्हय महाराजा!" गाव म्हणाला. मीही ओरडलो, त्या चार खुंटांनिशी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. तोंडावर हात धरायचं राहूनच गेलं.