सेंगकांगचा युवराज

"पाडव्याच्या दिवशी स्टेजवर कुणी मरणार नाही," कोपीचा (दाट दुधाची कडक कॉफी) घोट घेत कुणी काका सांगत होते. मी बॅग धरून दारातच थांबले. सिंगापूरच्या विमानतळावरून थेट सेंगकांगला, मावसबहीण मेघाताईच्या फ्लॅटवर पोचले होते आणि आत नाटकाची मीटिंग रंगली होती.

नाटक ताईनेच लिहिलेलं, एका मध्ययुगीन युवराजाचं. त्याने ना लढाई केली, ना किल्ला घेतला. राज्याभिषेकाची तयारी चालू असताना, वयाच्या सोळाव्या वर्षी तापाने गेला. युवराज होती ताईची आठ वर्षांची सई. महिनाभर ती सोफ्यावर, लिफ्टसमोर, एकदा तर चक्क एमआरटीत (मेट्रोत) मरून दाखवत होती.

काका जहाजावर चीफ इंजिनिअर. तिथल्यासारखाच त्यांचा हुकूम इथेही चालायचा. सणाला अशुभ नको म्हणून त्यांनी युवराजाला उच्च शिक्षणासाठी काशीला पाठवून दिलं.

"बट ही डाय ऑलरेडी, लाह," सई म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

निवेदन माझ्या गळ्यात पडलं, कारण पाहुणीला दुसरं काम नव्हतं. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे मी ते रोमन लिपीत उतरवून घेतलं. एलआरटीतून (छोट्या मेट्रोतून) लोकांचे वाळत घातलेले कपडे बघत तेच पुटपुटत फिरले. हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत) कागदाचा कोपरा लक्सात (नारळाच्या दुधातल्या तिखट शेवया) बुडाला. रिकाम्या टेबलावरच्या पाकिटातला टिश्यू घेऊन पुसला. पाकीट ठेवून इथे जागा धरतात, हे एक आजीबाई वाडगा घेऊन समोर उभ्या राहिल्यावर कळलं. मी कागद उचलून दुसऱ्या टेबलाकडे पळाले.

पाडव्याला चोआ चू कांगच्या हॉलमध्ये शेवटचा प्रवेश आला. फेटा बांधलेल्या सईने माझ्याकडे बघितलं आणि हळूच कपाळाला हात लावला. ताप. विंगेतून काका जोरजोरात काशीची दिशा दाखवत होते. तिकडे खरं तर सीमेपलीकडचं जोहोर होतं.

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. त्या मुलाच्या नावावर एक ताप सोडला तर काहीच नव्हतं. तोही काढून घेतला, तर त्याचं उरणार काय? मी कागदाची घडी घातली आणि माइक जवळ ओढला.

"युवराज कुठेही गेले नाहीत. सोळाव्या वर्षी, इथेच, तापाने वारले. सई, तुला हवा तेवढा वेळ घे."