लगेच उत्तर देऊ नये

काहीही विचारलं, की तो माणूस आधी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि मगच बोलायचा. नव्वदच्या दशकात मी हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो. वजनकाट्याचा आमचा जुना बेसिकमधला प्रोग्राम सी भाषेत उतरवायला मालकांनी त्याला वर्ध्याहून बोलावलं होतं.

"दोन्हींत फरक काय हो?" मी विचारलं.

चष्मा पुसून झाला. "बेसिक एकेक ओळ वाचत वाचत काम करते, भाऊ. सी घरूनच पाठ करून येते."

तिसऱ्या दिवशी काम झालं. भरल्या आणि रिकाम्या बैलबंडीचं वजन टाकलं, की कापसाचं वजन पडद्यावर हजर! जुना प्रोग्राम आधी हंगामातल्या सगळ्या नोंदी चाळायचा, त्यात चांगला वेळ जायचा.

पण काट्यावरचे काका बिथरले. "हे थापा मारून राह्यलं! काही विचारच नाई करत. मी सही नाई करत याच्या चिठ्ठीवर."

सहीशिवाय बंडी हलेना. फाटकापर्यंत रांग लागली.

वर्ध्याचा तो माणूस पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसला आणि प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: उत्तर देण्याआधी उगाच पन्नास लाखांपर्यंत आकडे मोज. आता कॉम्प्युटर थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने तेच वजन दाखवलं.

"आता कसं डोकं चालवून राह्यलं!" म्हणत काकांनी सही ठोकली.

निघताना मी त्याला हळूच विचारलं, "ही युक्ती कुठून सुचली?"

त्याने चष्मा काढला आणि सावकाश पुसायला घेतला. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. काचा आधीपासूनच लख्ख होत्या.