सतरा नंबरचं हाड

चंपतराव राग विसरणाऱ्यांपैकी नव्हते. मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात सव्वीस वर्षं शिपाई. डोळे मिटून नुसता हात फिरवला तरी हाड डावं की उजवं ते सांगत. आणि डॉक्टर सुमंतांनी भरवर्गात एका चुकलेल्या पोराला काय म्हणावं? "तुझ्यापेक्षा आमच्या चंपतला जास्त कळतं, आणि त्याला तर काहीच कळत नाही." शंभर पोरं खदखदून हसली. चंपतरावही हसले. त्या हसण्याची लाज अकरा वर्षं त्यांना जाळत होती.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत हाडांवरचे नंबर नव्याने रंगवायचं काम त्यांच्याकडे आलं. फिब्युला म्हणजे पोटरीतलं बारीक लांब हाड. त्याची बाजू ओळखताना भलेभले गडबडतात. सतरा नंबर डाव्याचा, अठरा उजव्याचा. चंपतरावांनी ते गुपचूप आपसांत बदलले. तोंडी परीक्षेत सर हाड बघतच नाहीत, टेबलावरची यादी बघतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कधीतरी बाहेरगावचा परीक्षक ते हाड हातात घेईल आणि सरांची चारचौघांत शोभा होईल, एवढंच त्यांना हवं होतं.

बाहेरचे परीक्षक दरवर्षी येत, पण त्या हाडाला त्यांच्यापैकी कुणी हात लावत नसे; ते सरांच्याच टेबलावर पोरांच्या हाती पडे. मग जयवंता आली, त्यांचीच मुलगी, त्याच कॉलेजात, पहिल्या वर्षाला. तोंडी परीक्षेत सरांनी नेमका सतरा नंबर तिच्या हातात दिला. ती म्हणाली, उजवं. सरांनी यादी पाहिली, तिच्या बापाचा उद्धार केला आणि तिला नापास केलं. आता पुरवणी परीक्षाही हुकली, तर तिचं वर्ष वाया जाणार होतं.

चंपतराव पेटले. पुरवणीच्या सकाळी त्यांनी सतरा नंबर बाहेरून आलेल्या डॉक्टर सत्यवतींच्या ट्रेमध्ये सगळ्यांत वर ठेवला. जयवंताने पुन्हा उजवंच सांगितलं. शेजारच्या खुर्चीतून सुमंत यादीवर बोट ठेवून चूक म्हणाले. सत्यवतीबाईंनी हाड दोनदा फिरवून पाहिलं.

"मुलीचं बरोबर आहे. सर, तुम्ही इतकी वर्षं हाड बघून मार्क देता की कागद बघून?"

सुमंतांचं तोंड एवढंसं झालं. दारात उभ्या चंपतरावांनी ते डोळे भरून पाहून घेतलं.

निकाल लागला, जयवंता पास झाली. त्या संध्याकाळी सक्करदरा भागातल्या आपल्या घरी चंपतरावांना राहवलं नाही. नंबर कसे बदलले, हाड ट्रेमध्ये कसं ठेवलं, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. लेक पाठ थोपटेल असं त्यांना वाटत होतं.

"अकरा वर्षं वाट पाहून राहिलो होतो मी," ते म्हणाले.

जयवंता हसली नाही. "म्हंजे पहिल्यांदा मले सरनं नाही, तुमी नापास केलं, बाबा. अन् माह्या आधीच्या पोरायचं काय?"

सरांच्या टेबलावरून रडत बाहेर येणाऱ्या पोरांना दरवर्षी पाणी चंपतरावच देत.