मांडलेला पाट

दुपारी गच्चीच्या कठड्यावर धुतलेले बूट वाळत घालत होते, तेव्हा ह्यांचा फोन आला. इंदूरच्या इस्पितळातून. "शुभा, ताई गेली," एवढंच म्हणाले. मी बूट तिथेच ठेवून खाली आले. दुसऱ्या दिवशी आमची लांब पल्ल्याची धाव ठरलेली होती. वन्सं तापातून उठल्या नाहीत तर मी एकटीनं धावायचं, अशी तंबी त्यांनीच इस्पितळातल्या खाटेवरून दिली होती. ते बूट पुढे कितीतरी दिवस गच्चीवरच पडून होते.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण कुमुद. हा शब्द ऐकला की आता पुण्याकडचे पाहुणेही हसतात. पण धारच्या जुन्या मराठी घरांत नणंद अजून वन्संच असते, आणि मी कारखान्यातल्या नोकरदाराची देवासची मुलगी, त्या घरात सून म्हणून गेले तेव्हापासून तेच म्हणत आले. वन्संनी लग्न केलं नाही. धारला मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्या आणि तलावाजवळच्या दोन खोल्यांत आपल्या मर्जीनं राहिल्या. त्या डेंग्यूनं गेल्या. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण समाचाराला येणारा प्रत्येक जण हळूच विचारायचा, "धावत होत्या ना हो त्या?" डासाला कुणी बोल लावत नव्हतं. सांगून सांगून मी थकले. शेवटी नुसती मान हलवायला लागले.

निवृत्तीनंतर त्या तिरल्याच्या रस्त्यानं फिरायला जायच्या. फिरण्याचं धावणं कधी झालं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. सलवार-कमीज, ओढणी कमरेला आवळलेली, आणि पायांत बुटांचा तो भडक निळा जोड. वाटेत दूधवाला मोटरसायकल हळू करून विचारायचा, "कां जई रिया हो मैडमजी?" त्या धापा टाकत उत्तर द्यायच्या, "कहीं नहीं भिया, घर ही आ रही हूँ." पुढे त्यांनी मलाही ओढलं. मला धावण्याची आवड कधीच नव्हती, आजही नाही. पण वन्संना नाही म्हणणं म्हणजे फळ्यासमोर उभं राहून उत्तर येत नाही म्हणण्यासारखं होतं. दर रविवारी कधी त्या आमच्या घरी देवासला, कधी मी धारला. हे वैतागायचे. "या वयात लोक गुडघे जपतात, तुम्ही झिजवताय." त्यावर वन्सं म्हणायच्या, "झिजू देत रे. ठेवायचेत कुणासाठी?"

मग एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, पूर्ण मॅरेथॉन धावायची. मी म्हटलं, "अहो वन्सं, बेचाळीस किलोमीटर! एकवीसच धावू या की, तिलाही मॅरेथॉनच म्हणतात." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जन्मभर पोरींना सांगत आले, उदाहरण अर्धं सोडून उठायचं नाही. आता मीच उठू?" पण इंदूरच्या त्या शर्यतीचा एक नियम होता. पहिल्यांदा धावणाऱ्यानं आधी एकवीस किलोमीटर ठरलेल्या वेळेत पुरे केलेले हवेत, तरच प्रवेश. म्हणून आम्ही दोघींनी देवासच्या अर्ध्या शर्यतीत नाव घातलं. अर्धी आम्हाला पायरीसारखी होती. त्या पायरीवरच सगळं घडलं.

वन्सं माझ्यापेक्षा चपळ. पहिल्याच वळणाला दिसेनाशा झाल्या. टेकरीला वळसा घालून रस्ता आमच्या कॉलनीवरून जात होता. मी तिथवर पोचले तेव्हा पायांत गोळे येत होते आणि डोळ्यांत घाम. पाहते तो रस्त्याच्या कडेला रांगोळी, रांगोळीत पाट, आणि पाटावर वन्सं! निळे बूट काढून बाजूला नीट जोडीनं ठेवलेले. कुलकर्णी काकू तबक घेऊन ओवाळत होत्या, कॉलनीतल्या बाकीच्या बायका अक्षता टाकत होत्या. बाजूनं धावणारी तरुण मुलं थबकून बघत होती. मला बघून काकू ओरडल्या, "अगं शुभा, ये, तुझंही करते लगेच!" मी हात जोडले, "काकू, नंतर... वन्सं, उठा, वेळ जातोय!" आणि पुढे निघाले. मागे वळून पाहिलं तर वन्सं डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या. त्यांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

मी कशीबशी वेळेत पोचले. वन्संची वेळ थोडक्यात हुकली. शेवटच्या रेषेशी उभा असलेला मुलगा म्हणाला, "आंटी, टाइम हो गया." मी त्याच्याशी भांडले, "भिया, दो मिनिट की तो बात है!" तो बिचारा तरी काय करणार? वन्संनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं. मी त्यांच्यावरच उखडले. वर्षभराची मेहनत, उन्हातान्हाचं मरण, सगळं पाण्यात. "हात हलवून पुढे नाही का जायचं? आणि बूट काढायची काय गरज होती?"

"बूट घालून ओवाळून घेतात का ग?" त्या म्हणाल्या. "आणि मांडलेला पाट सोडून कशी जाऊ?"

मग रस्त्याच्या दुभाजकावर बसत, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "शेवटचं आईनं ओवाळलं होतं, मॅट्रिकच्या वेळी..."

भाऊबीजेला त्या ह्यांना ओवाळायच्या, वाढदिवसांना आमच्या मुलांना, परीक्षेला जाणाऱ्या शेजारच्या पोरींनासुद्धा. सगळ्यांची निरांजनं त्यांच्या हातातून फिरली. त्यांना कुणी पाटावर बसवलेलं मी सासरी आल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तसं काही कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

काकूंकडून तो पाट त्यांनी मागून घेतला. धारपर्यंत बसमध्ये मांडीवर पाट घेऊन बसल्या, कंडक्टरनं विचारलं तर म्हणाल्या, "मेडल है." आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्धी धावायचं ठरवून त्या माझ्या मागे लागल्या. तुझा प्रवेश झालाय, तू पूर्ण कर. पाट त्यांच्या दाराशी असायचा. त्यावर बसूनच बूट घालायच्या. मी नाड्यांना पक्की निरगाठ मारायची, मोबाइलवरचे सगळे प्रशिक्षक तेच सांगतात. त्या मात्र सुरगाठ मारायच्या, एका ओढीत सुटणारी. मी रागावले की म्हणायच्या, "असू दे. वाटेत कुणी पाट मांडला तर?"

पाऊस ओसरता ओसरता त्यांना ताप आला. पुढचं लिहिण्याचं त्राण माझ्यात नाही.

तेरावा झाल्यावर आम्ही धारच्या खोल्या आवरल्या. ह्यांनी भांडी, पुस्तकं वाटून टाकली. मी फक्त पाट आणला आणि आमच्या दाराशी ठेवला. इंदूरची शर्यत तोंडावर आली होती. सराव बुडालेला. अंगात बळ नव्हतं, मनात त्याहून नव्हतं. नाव मागे घ्यायचं मी ठरवूनच टाकलं होतं आणि ह्यांना तसं सांगितलंही होतं. ते "बरं" म्हणाले होते.

गेल्या रविवारी उजाडताना तरीही जाग आली. सवय, दुसरं काय. गच्चीवरून बूट आणले, पाटावर बसले. वन्संसारखी सुरगाठ मारली आणि तशीच बसून राहिले. उठवेना. इतकी वर्षं मला कुणीतरी पुढून ओढत होतं, ते आता नाही, एवढंच कळत होतं. मागे पावलं वाजली. हे आंघोळ करून आले होते. हातात देवघरातलं ताम्हन, त्यात निरांजन, कुंकू, अक्षता. सुपारी विसरले होते. वात नीट लावता आली नव्हती, तिचा धूर होत होता.

"अहो, हे काय?"

"एका भाऊबीजेला ताईनं विचारलं होतं," ते म्हणाले, "'तू मला कधी ओवाळशील रे?' मी हसलो होतो..." मग नेहमीच्या वैतागलेल्या सुरात म्हणाले, "बस नीट. आणि बूट काढ आधी. बूट घालून ओवाळून घेत नाहीत."

मी नाडीचं टोक ओढलं. गाठ एका ओढीत सुटली. त्यांनी ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, जरा वाकडंच. मग मी ती गाठ पुन्हा तशीच बांधली आणि निघाले.